कौटुंबिक दाव्यांतील वकिली : पहिला अर्ज लिहिण्याआधी

निशाणी एक (धागाकर्ती)

माझ्या भाचीने यंदा सनद घेतली आणि आपण कौटुंबिक न्यायालयातच वकिली करणार असल्याचे घरी सांगितले. तेव्हा माझ्या बहिणीने मला फोन करून विचारले, "दिवसभर दुसऱ्यांच्या घरातली भांडणे ऐकण्यात या मुलीने आयुष्य घालवायचे का?" मी 1999 पासून पुण्यात हेच काम करते आहे, तरीही तिला फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. या क्षेत्रात असणाऱ्यांनी आणि ज्यांना पक्षकार म्हणून त्या पायऱ्या चढाव्या लागल्या त्यांनीही आपले अनुभव लिहावेत.

बाहेरच्यांना वाटते की वकील म्हणजे न्यायाधीशांपुढे उभा राहून बोलणारा माणूस. माझे निम्म्याहून अधिक काम न्यायालयात पाऊल टाकण्याआधी, माझ्या टेबलावर होते. पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा तो परवाच्या भांडणापासून सुरुवात करतो, मग एकदम लग्नाच्या मानपानावर जातो, मध्येच सासूच्या आजारपणावर येतो. त्याला अडवायचे नाही, असा माझा नियम आहे. माझे ज्युनिअर पहिला तासभर पेन हातात घेत नाहीत. त्यानंतर मात्र एकेक तारीख विचारून घ्यावी लागते: लग्न कधी आणि कुठे झाले, दोघे शेवटचे एकत्र कुठे राहिले, वेगळे कधी झाले, मुलांची वये काय. हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण दावा कोणत्या न्यायालयात चालेल ते यांवरच ठरते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लग्नाचे ठिकाण, सामनेवाल्याचे (समोरच्या पक्षकाराचे) राहण्याचे ठिकाण किंवा दोघांचे शेवटचे एकत्र राहण्याचे ठिकाण पाहिले जाते आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः अर्जदार असेल तर ती राहते ते ठिकाणही चालते.

मग खरा प्रश्न येतो, तो काय दाखल करायचे आणि काय करायचे नाही याचा. घटस्फोटाचा अर्ज, त्यात कलम 24 ची अंतरिम पोटगी, स्वतंत्र पोटगीचा अर्ज (जुन्या फौजदारी संहितेचे कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले), 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांपुढचा अर्ज आणि पोलिसांतली फिर्याद, असे अनेक मार्ग एकाच वेळी उघडे असतात. सोबत आलेले मामा किंवा भाऊ बहुधा म्हणतात, "मॅडम, सगळ्या केसेस एकदम टाका, म्हणजे ते लोक वठणीवर येतील." कितीतरी वकील तसे करतातही. माझ्या मते या व्यवसायातली समज इथेच कसाला लागते, कारण अर्जात एकदा लिहिलेले वाक्य परत घेता येत नाही. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे ठरवले की पतीने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) पत्नीच्या चारित्र्यावर केलेले आरोप हीच मुळात मानसिक क्रूरता होती आणि नंतर दुरुस्ती करून ते आरोप काढून टाकल्याने ती पुसली गेली नाही. मी प्रत्येक ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात तो निकाल वाचायला देते.

कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम 1984 च्या कलम 13 प्रमाणे पक्षकाराला वकील देण्याचा हक्क म्हणून हक्क नाही, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. परवानगी सहसा मिळते, हे खरे. तरी प्रत्येक प्रकरणात वकीलपत्रासोबत तो परवानगीचा अर्ज देताना मला जाणवते की या न्यायालयाची कल्पना करणाऱ्यांना आमची थोडी धास्ती वाटत होती, आणि ती विनाकारण नव्हती.

नवी सनद

ताई, मी मागच्या वर्षी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतली. माझ्या वेळेला नोंदणी शुल्काचा प्रश्न बराच सुटला होता, कारण सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये खुल्या प्रवर्गासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सांगितले. त्याआधीच्या मित्रमैत्रिणींना कितीतरी अधिक भरावे लागले होते. आता अखिल भारतीय बार परीक्षेची तयारी करते आहे. माझी खरी अडचण पैशांची आहे. सीनिअरांकडे महिन्याला जे मिळते त्यात शहरातल्या खोलीचे भाडेही निघत नाही आणि घरून मागायला आता संकोच वाटतो. ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नाही, त्यांनी पहिली पाच वर्षे कशी काढायची?

निशाणी एक

मला पहिल्या वर्षी महिन्याला 1500 रुपये मिळत होते आणि मी सकाळी दोन तास शिकवण्या घेत असे. आजच्या मुलांची स्थिती आकड्यांत वेगळी असली, तरी प्रमाणात फारशी सुधारलेली नाही, हे मला मान्य आहे आणि आम्ही सीनिअर मंडळी त्याला जबाबदार आहोत. शिकण्याची संधी देतो म्हणजे पगार देण्याची गरज नाही, हा युक्तिवाद मी स्वतः ऐकून घेतला होता. माझ्या ऑफिसात मी तो कोणाला ऐकवत नाही.

तुम्हाला दोन गोष्टी सुचवते. मोफत वकील पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर येण्यासाठी किती वर्षांचा अनुभव लागतो ते विचारून ठेवा आणि तितका होताच अर्ज करा. मानधन मोठे नसते, पण प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने चालवायला मिळते. दुसरे म्हणजे, सीनिअर निवडताना त्यांचे नाव पाहू नका. त्यांच्या ऑफिसातल्या ज्युनिअरला उलटतपासणी घ्यायला मिळते की फक्त तारखा घ्यायला पाठवतात, ते पाहा. तीन वर्षे नुसत्या पुरसिस (न्यायालयात द्यायची छोटी लेखी निवेदने) देऊन आणि मुदतीचे अर्ज करून वकील तयार होत नाही.

तालुक्याचा वकील

धागा आवडला, पण ताईंच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगतो. तालुक्याला स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नसते. घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो, पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. 'मी फक्त कौटुंबिक प्रकरणे घेतो' असे म्हणून इथे कोणाचे पोट भरत नाही. त्याच बाईचे पोटगीचे काम सकाळी चालवायचे आणि तिच्या भावांविरुद्धचा वाटपाचा दावा दुपारी, असे माझे कित्येक दिवस जातात, आणि मला त्यात वावगे काही वाटत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते एकच प्रकरण असते. सासरने बाहेर काढले म्हणून ती माहेरी आली आणि माहेरी आल्यावर भावांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकाचा (जन्मापासूनच्या वाटेकऱ्याचा) हक्क देणारी दुरुस्ती केली (22 जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र तिच्यातून वगळल्या गेल्या), 2005 मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो हक्क जन्माने मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. तरी सातबाऱ्यावर तिचे नाव लावायला निघालो की पहिला प्रश्न येतो, "बहीण माहेर तोडणार का?" कौटुंबिक कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी फेरफार वाचायला शिकलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आता मतभेदाचा मुद्दा. ताई म्हणतात की पहिला अर्ज जपून लिहावा. मी तसा जपून लिहिलेला अर्ज उलटतपासणीत कोसळताना पाहिला आहे. बाईने मारहाणीचे तीन प्रसंग सांगितले होते. वकिलाने समझोता होईल या आशेने एकच लिहिला. समझोता झाला नाही आणि साक्षीच्या वेळी तिने उरलेले दोन सांगितले तेव्हा समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: "हे तुमच्या अर्जात लिहिले आहे का?" ती खरे बोलत होती आणि निकालपत्रात मात्र 'मागाहून केलेली सुधारणा' असा शेरा आला. दाव्यात नसलेली गोष्ट पुराव्यात आणता येत नाही, हा दिवाणी कामाचा पहिला धडा आहे. सौम्यपणाची किंमत वकील मोजत नाही.

निशाणी एक

तुमचा आक्षेप मी मनापासून स्वीकारते, आणि माझे लिहिणे अपुरे होते हेही. जपून लिहायचे म्हणजे प्रसंग गाळायचे, असे मला म्हणायचे नव्हते, पण वाचणाऱ्याला तसे वाटू शकते.

मी घटना आणि विशेषणे यांत फरक करते. घडलेला प्रत्येक प्रसंग तारीख, ठिकाण, कोण हजर होते आणि नंतर कोणाला सांगितले यांसह अर्जात आलाच पाहिजे. दवाखान्याचा कागद असेल तर त्याचा उल्लेख त्याच परिच्छेदात हवा. मी काढून टाकते ती 'सामनेवाला हा अत्यंत नीच, विकृत आणि व्यसनी प्रवृत्तीचा इसम आहे' ही ओळ. असली वाक्ये जुन्या नमुन्यांतून पिढ्यान्पिढ्या उतरत आली आहेत आणि त्यातले एकही सिद्ध करता येत नाही. त्यांनी मुलाच्या मनावर मात्र पुढे कधीतरी ओरखडा उठतो, कारण मुले मोठी होतात आणि कपाटातले कागद वाचतात. अशी एक मुलगी वयाच्या 22 व्या वर्षी माझ्या ऑफिसात आली होती. तिच्या आईवडिलांच्या प्रकरणात मी आईची वकील होते. आपल्या जन्माबद्दल वडिलांच्या कैफियतीत काय लिहिले होते ते तिने वाचले होते आणि त्याला आम्ही काय उत्तर दिले होते, एवढेच तिला पाहायचे होते. आमचे उत्तर नीट लिहिलेले होते, म्हणून मी ती फाइल तिच्यासमोर उघडू शकले.

माजी समुपदेशक

मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. वकिलांना माझ्या खोलीत सहसा प्रवेश नसे, त्यामुळे त्यांचे काम मी त्यांच्या पक्षकारांच्या बोलण्यावरूनच ओळखत असे. काही पक्षकार पाठ केलेली वाक्ये म्हणत. 'मला त्यांच्यासोबत नांदायचे आहे, पण तेच नेत नाहीत' हे वाक्य मी इतक्यांदा एकाच सुरात ऐकले आहे की ते कोणत्या ऑफिसातून आले हेही कळे. याउलट काही वकिलांचे पक्षकार शांतपणे बसून सांगत की मुलाची शाळा बदलू नये एवढीच आपली अट आहे, बाकी बोलता येईल. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. माझ्या अनुभवात समेट म्हणजे दर वेळी पुन्हा संसार असे नसते. नीट वेगळे होणे हाही समेट असतो, आणि तो घडवणाऱ्या वकिलाचे नाव कोणत्याही निकालपत्रात ठळक येत नाही.

मुलांच्या भेटींबद्दल एक विनंती आहे. भेटीचा आदेश मिळवणारा वकील तो आदेश मुलाला कसा सांगायचा हे पक्षकाराला समजावून देत नाही. शनिवारी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत एक वडील खेळणे घेऊन बसलेले असतात आणि मूल आईचा पदर सोडत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा 1956 सांगतो की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा आणि सगळ्यात वर मुलाचे हित असावे. ते हित शोधायला न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात स्वतंत्रपणे बोलतात. त्याच्या आदल्या रात्री मुलाला काय शिकवले जाते ते वकिलांना माहीत असते, आणि ते थांबवणे त्यांच्या हातात असते.

एक पक्षकार

मी वकील नाही. मला 2019 मध्ये पोटगीचा आदेश मिळाला. त्या दिवशी पेढे वाटले होते. पहिला हप्ता मिळायला पुढे दीड वर्ष लागले. माझ्या तेव्हाच्या वकिलांनी आदेशाची नक्कल हातात देऊन फी पूर्ण करून घेतली, पण आदेश म्हणजे पैसे नव्हेत हे मला कोणी सांगितले नव्हते. नंतर दुसऱ्या वकील बाईंनी वसुलीचा अर्ज केला. इथे इतक्या जाणत्या लोकांनी लिहिले आहे, म्हणून विचारते: वसुलीचे काम वकिलांना कमी प्रतीचे वाटते का?

निशाणी एक

तुमच्या प्रश्नाने मला खरेच वाईट वाटले, कारण त्याचे उत्तर पुष्कळ ऑफिसांत 'हो' असे आहे. वसुली अर्ज ज्युनिअरकडे टाकला जातो, बेलिफ किंवा पोलिस वॉरंट बजावायला गेले की सामनेवाला पत्त्यावर सापडत नाही आणि तारीख पुढे जाते. कायद्याने प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे, पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या मार्गाने वॉरंट निघत नाही. ही मुदत पक्षकाराला आदेशाच्या दिवशीच लिहून दिली पाहिजे. मी ती पाकिटावर लाल शाईने लिहून देते.

4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने एक गोष्ट सोपी केली. आता दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे शपथपत्र द्यावेच लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. हे शपथपत्र वाचणे ही वेगळी विद्या आहे. दरमहा 12 हजार कमावतो म्हणणाऱ्या माणसाच्या बँक उताऱ्यात 18 हजारांचा गाडीचा हप्ता दिसतो, आणि तो शोधायला तीन वर्षांचे उतारे ओळ न् ओळ वाचावे लागतात. माझ्या भाचीने मला विचारले होते की या कामात बुद्धीला आव्हान आहे का. तिला मी पहिल्यांदा हेच काम देणार आहे.

तालुक्याचा वकील

वसुलीच्या जोडीला आणखी एक गोष्ट नव्या मंडळींना माहीत हवी. पोटगीचा अर्ज दाखल झाला की समोरून 'नांदायला येण्याचा दावा', म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 चा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा अर्ज येतो. पत्नी नांदायला तयार नाही असे दाखवून पोटगी टाळायची, एवढाच त्यामागे पुष्कळदा हेतू असतो. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असा हुकूमनामा (नांदायला जाण्याचा न्यायालयाचा आदेश) झाला आणि पत्नी गेली नाही, एवढ्यानेच तिची पोटगी आपोआप जात नाही, तिच्या न जाण्याची कारणे पाहावी लागतील.

निशाणी एक

या दाव्याचा इतिहास आपल्या मुंबईचाच आहे. दादाजी भिकाजी यांनी 1884 साली रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात असाच दावा लावला होता. लग्न झाले तेव्हा त्या 11 वर्षांच्या होत्या. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला आणि 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद, असा आदेश झाला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आज या हुकूमनाम्यासाठी कोणाला कैद होत नाही, पण मी कलम 9 चा प्रत्येक अर्ज वाचताना ते प्रकरण माझ्या मनात असते.

सागरापलीकडे

मी न्यू जर्सीत राहते. माझ्या भावाचा घटस्फोट इथल्या न्यायालयात झाला आणि वहिनी भारतात परत गेल्या. आता तिथले वकील म्हणतात की इथला निकाल भारतात चालेलच असे नाही. हे कसे?

निशाणी एक

नेमक्या प्रकरणावर इथे सल्ला देणे योग्य नाही, पण तत्त्व सांगते. दोघांचे लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झाले असेल तर 1991 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे परदेशी न्यायालयाने त्या कायद्यातल्या कारणावरच निकाल दिलेला असावा, नाहीतर दुसऱ्या बाजूने तिथे हजर राहून ते अधिकारक्षेत्र खरोखर स्वीकारलेले असावे किंवा निकालाला संमती दिलेली असावी. 'संसार पूर्णपणे मोडला' हे कारण अमेरिकेत सर्रास चालते. आपल्या हिंदू विवाह कायद्यात ते आजही नाही. 1 मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालाने त्या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. मूल सोबत आले असेल तर प्रश्न आणखी कठीण होतो, कारण मुलांच्या नेआणीसंबंधीच्या 1980 च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. पुण्यातल्या ऑफिसांत ही प्रकरणे आता नेहमीची झाली आहेत आणि दोन देशांतल्या वकिलांनी एकमेकांशी आधी न बोलता दावे दाखल केल्यामुळे ती जितकी बिघडतात तितकी दुसऱ्या कशामुळे नाही. भावाला दोन्हीकडच्या वकिलांचे एकत्र बोलणे घडवून आणायला सांगा.

नवी सनद

ताई, एक शेवटचे विचारते. हे सगळे घरी घेऊन जाता का?

निशाणी एक

पहिली सात-आठ वर्षे घेऊन जात होते. एका पक्षकार बाईने निकालाच्या आदल्या आठवड्यात स्वतःला इजा करून घेतली, त्यानंतर मला कित्येक महिने झोप लागत नव्हती. ती वाचली, आणि मी स्वतः समुपदेशकाकडे गेले. तेव्हा आमच्या बाररूममध्ये असे कोणी बोलत नसे. आता मी संध्याकाळी सातनंतर पक्षकारांचे फोन घेत नाही, फक्त मारहाण किंवा मूल पळवून नेण्याची भीती असेल तर घेते, आणि हे पहिल्या भेटीतच सांगते. माझ्या ज्युनिअरनी ताब्याच्या सुनावणीनंतर त्या दिवशी दुसरे काम करायचे नाही, असेही ठरवले आहे. ऑफिसचे थोडे नुकसान होते, पण ते मी धरून चालले आहे.

'एक पक्षकार' यांच्यासाठी राहिलेले लिहिते. तुमची थकबाकी अजून असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते. आदेशाची प्रमाणित नक्कल, शेवटचा हप्ता मिळाल्याची तारीख आणि सामनेवाल्याच्या नोकरीचा सध्याचा पत्ता, एवढे घेऊन जा. नोकरीचा पत्ता मिळाला तर पगारातून रक्कम थेट कापून मिळण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. पहिल्याच भेटीत तिथल्या वकिलांना त्याबद्दल विचारा.